काच विकू नका, खालच्या कोरड्या छताची हमी विका



आज बोलू बाथरूममधल्या काचेच्या शॉवर पार्टिशनबद्दल. या धंद्याला किती भांडवल लागतं, कोणती हत्यारं लागतात, हे आपण व्हिडिओत पाहिलं. व्हिडिओत न मावलेली एक गोष्ट इथे लिहितोय, आणि ती भांडवलापेक्षाही महत्त्वाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मत आधीच सांगून टाकतो. वरच्या मजल्यावर शॉवर पार्टिशन बसवताना तुमचा खरा माल म्हणजे त्या बाथरूमच्या खालच्या खोलीचं कोरडं छत. काच ही नुसती निमित्त असते. ज्याला हे उमगलं तो पाच वर्षांनीही धंद्यात दिसतो. ज्याला नाही उमगलं, तो चौरस फुटाचा भाव पाडत पाडत एक दिवस दुकानाचं शटर पाडतो.

संधी दारातच आहे

पुणतांब्यात राहणाऱ्या मुलाला गिऱ्हाईक शोधायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. दौंड-मनमाड लाइनवरून साईनगर शिर्डीचा फाटा पुणतांब्याच्याच जंक्शनवर फुटतो. १ ऑक्टोबर २०१७ ला काकडीचं विमानतळ सुरू झालं. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. आता २०२६-२७ चा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे, आणि नाशिकला आलेला भाविक शिर्डीचं दर्शन घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. म्हणजे लॉज आले, खोल्या आल्या आणि खोलीगणिक एक बाथरूम आलं.

लॉजमालकाला पार्टिशन कशाला हवं असतं? शोभेला नाही. आंघोळीचं पाणी कमोडपर्यंत आणि दारापर्यंत जातं, पाय घसरतात, पोऱ्याला दर वेळी अख्खं बाथरूम पुसावं लागतं. ओली बाजू आणि कोरडी बाजू वेगळी झाली की खोली लवकर तयार होते. मालक पैसे मोजतो ते यासाठी.

पण शिर्डीच्या लॉजची एक गंमत लक्षात घ्या. काकड आरतीला जायचं म्हणून पहाटे अख्खा मजला एकाच वेळी आंघोळीला उठतो. घरातलं बाथरूम दिवसातून चार-पाच वेळा भिजतं. इथे एका खोलीत सहा-सहा माणसं पाठोपाठ आंघोळ करतात, ती खोली रिकामी झाली की दुसरं कुटुंब येतं. तळ वाळायला सवड मिळतच नाही. घरात दोन वर्षांनी दिसणारी चूक इथे दोन महिन्यांत खालच्या छतावर उमटते.

पायाखाली काय आहे, ते आधी विचारा

तळमजल्यावरच्या बाथरूममधून थोडं पाणी झिरपलं तर ते जमिनीत जातं, कुणाला कळतही नाही. वरच्या मजल्याचं तसं नसतं. तो तळ अधांतरी असतो, खाली पोकळी असते आणि त्या पोकळीत कुणीतरी झोपलेलं असतं. आपल्या भागात असे तीन प्रकारचे तळ भेटतात.

पहिला, सिमेंट काँक्रीटचा स्लॅब. बाथरूमपुरता तो बऱ्याचदा खाली सोडलेला असतो, त्यालाच सनकन स्लॅब म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप टाकतात, वर विटांचे तुकडे आणि कोबा भरतात, मग टाइल. हे सगळ्यात मजबूत आणि सगळ्यात फसवं काम. टाइलखाली शिरलेलं पाणी त्या खड्ड्यात महिनोन् महिने साचून राहतं. वरून फरशी कोरडी, खालून पोपडे.

दुसरा, लोखंडी सांगाड्यावर सिमेंट बोर्ड टाकून केलेला मजला. कृषी पर्यटनाच्या खोल्या, गच्चीवर वाढवलेल्या खोल्या, रेडिमेड केबिन यांत हा दिसतो. चालताना तो किंचित थरथरतो. बोर्डाचे सांधे हलतात आणि सांध्यावरचं ग्राउट केसासारखं तडकतं. पाण्याला तेवढी वाट पुरते.

तिसरा, जुन्या घराची कडीपाटाची माडी. तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या, वर मुरूम-मातीचा थर. गोदाकाठच्या जुन्या पेठांत अशा माड्या अजून भेटतात. आता मुलगा नोकरीहून परत आला, सून घरात आली, म्हणून वरच आधुनिक बाथरूम हवं, अशी मागणी येते. भावना योग्य आहे. पण लाकूड लवतं आणि काच लवत नाही, हा निसर्गाचा नियम मालकाच्या हौसेपुढे झुकत नाही.

इंग्लंड-अमेरिकेत वरचे मजले सर्रास लाकडी असतात आणि तिथे शॉवरही बसतात, हे खरं. पण तिथे टाइलखालच्या तळासाठी एक हिशोब पाळतात: गाळ्याच्या लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा तळ जास्त लवता कामा नये. १२ फुटांच्या गाळ्याला हे १० मिलिमीटर होतात. काचेच्या दाराखाली आपण फट किती ठेवतो? साधारण ८ ते १० मिलिमीटर. म्हणजे त्यांच्या मापात जेमतेम पास झालेल्या तळावरही दार घासू शकतं. मग शंभर वर्षांच्या माडीचं काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

वजनाची भीती आणि पाण्याची भीती

"एवढी जड काच स्लॅबला पेलेल का?" मालक हमखास हा प्रश्न विचारतो. उत्तर तोंडपाठ ठेवा. काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो. ३ फूट बाय ७ फुटांचा पल्ला ८ मिलिमीटरमध्ये सुमारे ३९ किलो भरतो, १० मिलिमीटरमध्ये ४९ किलो. घराच्या आणि बाथरूमच्या स्लॅबचं डिझाइन करताना चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरायचा, असं आयएस ८७५ हे मानक सांगतं. नीट बांधलेल्या स्लॅबला तुमची काच म्हणजे अंगावरचा सदरा.

उलट ५ बाय ७ फुटांच्या बाथरूमचा फूटभर खोल सनकन भाग विटांच्या तुकड्यांनी आणि कोब्याने भरला, तर ते वजन दीड टनाच्या आसपास जातं. ते भिजत राहिलं की आणखी वाढतं, आणि आतली सळई गंजते ती वेगळीच. म्हणून मालकाची काळजी काचेवरून पाण्यावर वळवा. लोखंडी सांगाडा आणि लाकडी माडी यांना मात्र हे उत्तर लागू नाही. तिथे इंजिनिअरची लेखी संमती आल्याशिवाय माप सुद्धा घेऊ नका.

एक भोक, सगळा सत्यानाश

आता कामाची सगळ्यात मोलाची गोष्ट. ओल्या भागातल्या फरशीला ड्रिल मारू नका.

टाइल आणि तिच्याखालचा माल मिळून जाडी दीड-दोन इंच. तुमचा स्क्रू आणि रावळप्लग तेवढेच खोल जातात. वॉटरप्रूफिंगचा थर तिथेच खाली असतो. त्याला चार भोकं पाडली की वॉटरप्रूफिंगवाल्याचं सगळं काम तुम्ही मोडीत काढलं, आणि वर सिलिकॉन भरून ते झाकलं. सिलिकॉन कधीतरी सुटणारच.

मग काच धरायची कशी? स्थिर पल्ला भिंतीला यू-चॅनेलमध्ये बसवा, वरून आडव्या दांडीने भिंतीला बांधा, खाली चॅनेल नुसतं सिलिकॉनने चिकटवा. दार भिंतीला टांगा, नाहीतर वरच्या दांडीवर सरकणारं करा. फरशीत रोवलेला पिव्होट टाळा. फायदा दुहेरी: थर शाबूत राहतो, आणि तळ जरासा हलला तरी दार भिंतीबरोबर राहतं. काचेची कड टाइलला किंवा लोखंडाला थेट टेकू देऊ नका, मध्ये रबराचा किंवा प्लॅस्टिकचा गट्टू हवाच. टफन केलेली काच मधोमध गुद्दा सोसते, पण कोपऱ्यावरच्या टोल्याने क्षणात चुरा होते.

सिलिकॉन चॅनेलच्या बाहेरच्या बाजूने भरा. आतल्या बाजूनेही भरलं तर चॅनेलमध्ये गेलेलं पाणी कोंडतं आणि तिसरीच वाट शोधतं. काम झाल्यावर २४ तास शॉवर बंद. मालकाला घाई असेल तर त्याला सांगा, एक दिवस भाडं बुडालेलं परवडलं, पुढे दोन खोल्या बंद पडलेल्या नाही परवडणार.

आणखी एक. दार बाहेर उघडणारं असू द्या. शिर्डीला म्हातारी माणसं मोठ्या संख्येने येतात. आत कुणी घसरून पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर पडलेल्या माणसानेच दार अडतं. उंबरा शक्यतो टाळा किंवा अगदी बुटका ठेवा, आणि धरायची दांडी काचेला नाही, भिंतीला लावा.

अर्ध्या तासाची तपासणी

मी म्हणतो ती हमी द्यायची तर आधी तळ तपासायला हवा. हत्यारं साधीच: पाणसळ, ओळंबा, टेप, दोरा, एक नाणं आणि एक बादली.

१. आधी खालच्या मजल्यावर जा. वर नंतर. छतावर ओल, पोपडे, काळे डाग असतील तर मोबाईलवर फोटो काढा, तारखेसकट.

२. टाइलवर नाणं वाजवा. पोकळ आवाज आला ती टाइल खडूने गोल करून ठेवा.

३. बादलीभर पाणी ओता. ते नहाणी ट्रॅपकडे धावतं की कोपऱ्यात थबकतं? दर मीटरला १ ते २ सेंटीमीटर ढाळ हवा. ढाळ दाराकडे असेल तर जगातली कुठलीही काच पाणी अडवणार नाही.

४. ट्रॅपला बूच मारून इंचभर पाणी २४ तास भरून ठेवायला सांगा, जमलं तर ४८. पाण्याच्या पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलीने करा. दुसऱ्या दिवशी खूण आणि खालचं छत, दोन्ही पाहा. लाकडी माडीवर हा प्रयोग इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचा नाही.

५. लोखंडी किंवा लाकडी तळ असेल तर खालून आडवा दोरा ताणून बांधा. वर मधोमध दोन माणसं उभी करा. दोरा आणि तळ यांतलं अंतर आधी किती होतं आणि आता किती झालं, ते लिहून घ्या.

६. भिंतीला ओळंबा लावा, आणि भिंत कशाची आहे ते विचारा. पक्क्या विटेत साधा फास्टनर चालतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला तिचा वेगळा अँकर लागतो. चाळीस-पन्नास किलोचं दार दोन बिजागऱ्यांवर लोंबणार आहे, हे विसरू नका.

७. जिना मोजा. हसू नका. सात फुटी काच वळणाच्या जिन्यातून वर गेलीच नाही, तर ती परत नेऊन कापता येत नाही. एकदा टफन झालेल्या काचेला ना कापता येतं ना भोक पाडता येतं. म्हणूनच माप टाइल पूर्ण बसल्यावरच घ्यायचं, नकाशावरून नाही. काच आली की तिच्या कोपऱ्यात आयएस २५५३ चा शिक्का आहे ना, तेही पाहा.

आता पैशाचं बोलू

समजण्यासाठी आकडे धरू. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. एका पार्टिशनला काच, हार्डवेअर, ने-आण मिळून १४,००० रुपये, मजुरी २,०००. तुम्ही कोटेशन दिलं १९,००० चं. सुटले ३,०००. दहा खोल्यांचं काम म्हणजे ३०,००० रुपये नफा. मन खूश.

दहापैकी दोन खोल्या गळल्या. काच उतरवणं, टाइल फोडणं, वॉटरप्रूफिंग, नवी टाइल, परत फिटिंग आणि खालच्या छताचा रंग, मिळून खोलीमागे ११,००० धरा. २२,००० गेले. हातात राहिले ८,०००, आणि फेऱ्यांचं पेट्रोल त्यातूनच. मालकाचंही ऐका: गळणारी एक आणि तिच्या खालची एक, अशा दोन खोल्या सहा दिवस बंद. रोजचं भाडं १,२०० धरलं तर एका गळतीला १४,४००. दोन गळत्यांना २८,८००. तुमच्या अख्ख्या कामाच्या नफ्याएवढं नुकसान त्याचं झालं. तो पुन्हा फोन करेल? आणि शेजारच्या लॉजवाल्याला काय सांगेल?

आता दुसरा हिशोब. खोलीमागे ८०० रुपये तपासणीचे वेगळे लावा. दहा खोल्यांचे ८,०००. तपासणीत दोन खोल्या नापास निघाल्या, तर त्या खोल्यांचं पार्टिशन थांबवा आणि आधी वॉटरप्रूफिंग करून घ्यायला सांगा. आठ खोल्यांचे २४,००० आणि तपासणीचे ८,००० मिळून ३२,०००. दोन खोल्या कमी करूनही दोन हजार जास्त आले, आणि रात्री झोप लागली ती फुकट.

"पण दुसरा स्वस्तात करतो ना!"

हा आक्षेप मला मान्य आहे. बाजारात फुटाचा भाव विचारणारेच जास्त असतात, आणि तपासणीचे पैसे म्हटलं की काही जण फोन ठेवतात. ठेवू द्या. ज्याची खोली रोज भाड्याने जाते, त्याला एक खोली एक दिवस बंद राहण्याची किंमत तुमच्यापेक्षा चांगली कळते. त्याच्याशी फुटात बोलू नका, खोलीच्या दिवसांत बोला. शिवाय काम मिळालं तर तपासणीचे पैसे बिलातून वजा करा, असा सल्ला काही जण देतात. माझा त्याला विरोध आहे. वजा केले की तपासणी फुकट आहे असा संदेश जातो, आणि फुकटची तपासणी तुम्हीही पाच मिनिटांत उरकू लागता.

आणखी एक मत, काहींना पटणार नाही. कडीपाटाची माडी असेल, तळ लवत असेल किंवा मालकाचा हात तंग असेल, तर त्याला सरळ सांगा: "काका, इथे काच नको. चांगला पडदा लावा, नाहीतर बाथरूम खाली करा." पडद्यात तुमचा नफा शून्य. पण जो माणूस स्वतःचा माल विकायला नकार देतो, त्याचं नाव गावात आठ दिवसांत पोचतं. जाहिरातीला एवढे पैसे घातले असते तरी हे झालं नसतं.

कोटेशन कोरं पाठवू नका

पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांना काय लिहावं, मायना कसा घालावा, हे न सुचल्याने चांगदेवांनी कोरंच पत्र धाडलं, ही कथा तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल. त्या कोऱ्या पत्राला उत्तरादाखल ६५ ओव्या मिळाल्या. तुमच्या कोऱ्या कोटेशनला भांडण मिळेल! "शॉवर पार्टिशन, १० नग, भाव अमुक" एवढंच लिहिणं म्हणजे कोरंच पत्र. त्यात या तीन ओळी घाला:

तळाची पाणी-चाचणी अमुक तारखेला केली, निकाल अमुक, फोटो सोबत.

फरशीला ड्रिल केलेलं नाही आणि पुढेही कुणी करू नये. केल्यास तळाची जबाबदारी आमची नाही.

काचेचा सांधा व सिलिकॉन यांची जबाबदारी इतक्या महिन्यांची आमची. स्लॅब, पाइप व जुनं वॉटरप्रूफिंग यांची जबाबदारी मालकाची.

खाली दोघांच्या सह्या. भांडण झालं तर कागद बोलतो, तुम्हाला आवाज चढवावा लागत नाही.

भाव तुमच्या हातात आहे

१ जून २०१७ ला याच पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, दूध-भाजीपाला शहरात जायचा थांबला आणि देशाने या गावाचं नाव ऐकलं. त्या संपामागचं दुखणं कोणतं होतं? राबणारा मी, आणि माझ्या मालाचा भाव ठरवणारा दुसराच. आपल्यापैकी बहुतेक जण त्याच घरांतले आहोत. बापाच्या हातात कांद्याचा भाव नव्हता. तुमच्या हातात तुमच्या कामाचा भाव आहे. तो फुटावर मोजून स्वतःहून दुसऱ्याच्या हाती देऊ नका. काच कुणीही विकतं, तिचा भाव बाजार ठरवणार. तपासलेल्या तळाचा आणि कोरड्या छताचा भाव तुम्ही ठरवणार.

या आठवड्याचं काम

काच विकत घेऊ नका. ओळखीच्या तीन घरांत किंवा लॉजमध्ये जा, वरच्या मजल्याचं एक-एक बाथरूम वरच्या सात मुद्द्यांनी तपासा, एका पानावर निकाल लिहा आणि तो कागद मालकाला द्या. या पहिल्या तीन तपासण्यांचे पैसे घेऊ नका, ही तुमची शिकण्याची फी समजा. चौथ्यापासून मात्र पैसे मागायला लाजायचं नाही.

पुढच्या व्हिडिओत बोअरच्या क्षाराच्या पाण्याने काचेवर पडणारे पांढरे डाग आणि वर्षाच्या देखभालीचा करार कसा विकायचा, ते पाहू. तोवर वही-पेन काढा आणि जिना मोजायला विसरू नका!